झाकण काढायचं राहिलं

आमच्या वन्संनी एकतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारले. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का, जाणाऱ्या कागदावर तारखेचा शिक्का, मध्ये जेवणाची सुट्टी. शिक्का मारावा तर त्यांनीच, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून म्हणतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मी कधी खोदून विचारलं नाही. त्यांचा शिक्का पडला की खालच्या मजल्यावरच्या साहेबांचा चहा बशीत सांडायचा, असं मी ऐकून आहे. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "वेळ कुठे होता?" जणू मुलगे आवक क्रमांक घ्यायला रांगेत उभे होते आणि ह्यांनीच खिडकी बंद केली.

निवृत्त झाल्या तेव्हा तारखेचा एक जुना शिक्का घरी घेऊन आल्या. कचेरीने टाकून दिलेला, असं त्या म्हणतात. पहिल्या महिन्यात आमच्या घरात एकही वस्तू बिनतारखेची राहिली नाही. साबणाच्या वेष्टनावर तारीख, बल्बच्या खोक्यावर तारीख, औषधाच्या बाटलीवर छापील तारखेशेजारी आणखी एक तारीख. मी शिवणकाम करते. एका बाईंचे कपडे कागदात गुंडाळून ठेवले होते, तर त्यावर ठसठशीत "आवक". बाईंना वाटलं, मीच एवढी व्यवस्थित आहे. मी तो गैरसमज दूर केला नाही.

घरात आम्ही तिघं. वन्सं, मी, आणि हे. हे म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, भावंडांत शेवटचे. शाळेची बस चालवतात. दिवसभर चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून आल्यावर घरी शक्यतो काही ऐकत नाहीत.

भेटकार्डांचं वेड घरात शिरलं ते एका अपमानातून. वाचनालयाच्या फलकावर कागद लागला होता: शिक्के मारायला शिका, आपल्या हाताने भेटकार्ड बनवा, दर शनिवारी. वन्सं पुस्तक बदलायला गेल्या होत्या, त्या न बदलताच परत आल्या.

"मला शिकवणार! शिक्के मारायला! बघते तरी कोण आहे ती."

शनिवारी बाह्या सरसावून गेल्या. आल्या तेव्हा दहाही बोटं निळी होती आणि तोंड एवढंसं झालं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती मला आजी म्हणाली."

"अहो, वय बघता म्हणणारच की."

"पुढचं ऐक. म्हणाली, आजी, इतक्या जोरात नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वन्संनी पहिलाच शिक्का असा काही हाणला की टेबलाभोवतीच्या सहा बायकांची सहा फुलं एकदम हलली, आणि त्यांच्या स्वतःच्या फुलाच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता डाग उरला. भेटकार्डावर शिक्का टेकवायचा असतो. अलगद ठेवायचा, सगळीकडून सारखा दाबायचा, डुलू द्यायचा नाही आणि सरळ वर उचलायचा. ज्या हाताचा तीन मजल्यांवर दरारा होता त्या हाताला एक विशीतली पोरगी सांगत होती की हळू. दुसरी कोणी असती तर पुन्हा त्या दिशेला फिरकली नसती. वन्सं पुढच्या शनिवारी वीस मिनिटं आधी जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या जे जे शिकल्या ते मला पाठ आहे, कारण प्रत्येक धडा आमच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा होत असे. शिक्के विकत घ्यायचे नाहीत. पांढऱ्या खोडरबरावर पेन्सिलीने चित्र काढायचं, बारीक पात्याने आजूबाजूचं रबर कोरून टाकायचं आणि चित्र तेवढं वर ठेवायचं. कोरलेल्या रबराचे पांढरे कण सगळीकडे. माझ्या शिलाई मशीनच्या खाचेत कण, यांच्या चहात कण. यांनी ते साखर समजून ढवळले आणि प्यायलेसुद्धा, बोलले काही नाहीत.

पण वन्सं खऱ्या भुलल्या त्या झाकणाला. शिकवणारी मुलगी त्याला मास्क म्हणते, वन्सं झाकण म्हणतात, मी ठिगळ म्हणते. समजा, एका फुलाच्या मागून दुसरं फूल डोकावतंय असं चित्र हवंय. नुसते एकावर एक शिक्के मारले तर दोन्हींच्या रेघा एकमेकींत घुसतात आणि पुढे कोण, मागे कोण, काही कळत नाही. म्हणून जे पुढे हवं ते आधी मारायचं. मग पातळ कोरा कागद खिडकीच्या काचेवर धरून त्या फुलाची कड गिरवायची, रेघेच्या किंचित आतून कापायचं, मागे जेमतेम धरेल एवढाच गोंद लावायचा आणि पहिल्या फुलावर बरोब्बर बसवायचं. आता दुसरा शिक्का त्याच्यावर अर्धा चढवून बेलाशक मारा. जादा शाई झाकणावर पडते. झाकण उचललं की पुढचं फूल जसंच्या तसं, आणि नंतर आलेलं आपोआप त्याच्या मागे.

"आधी आला तो पुढे," वन्सं खूश होऊन म्हणाल्या. "रांगेचा नियम आहे हा. त्या पोरीला कळलेलाच नाही, ती त्याला कला म्हणते."

झाकणं पुन्हा पुन्हा वापरता येतात. त्यामुळे वन्संनी झाकणांची वही घातली. प्रत्येक झाकणाच्या पाठीवर बारीक क्रमांक, वहीत दोन रकाने, "बाहेर" आणि "परत". दिवसाचं काम संपलं की सगळी झाकणं मोजून पाकिटात. ह्या वहीवरून मी त्यांना एवढी हसले की एक दिवस त्यांनी माझं मोजपट्टीचं भेंडोळंसुद्धा "बाहेर"मध्ये लिहून ठेवलं.

आणि कात्री. शिवणाऱ्या बाईची कापडाची कात्री म्हणजे तिचा जीव. तिने कागद कापला की धार गेली, मग ती रेशमावर चालवली की कापड चावल्यासारखं होतं. हे मी वन्संना बजावून, विनवून, शेवटी ओरडून सांगितलं होतं. तरी एका दुपारी माझी कात्री त्यांच्या हातात आणि कागदाचा गुलाब अर्धा कापलेला. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या उशीवर भेटकार्ड: दोन गुलाब, त्यांच्या पुढे एक कात्री, आणि आत कचेरीच्या अक्षरात "सदर चूक पुन्हा होणार नाही." कात्री पुढे होती म्हणजे आधी मारली होती. माझ्या कात्रीचा खास शिक्का कोरला होता त्यांनी. मी हसले, आणि तिथेच फसले.

वर्षभरात आमच्या ओळखीपाळखीत कार्ड न मिळालेलं माणूस उरलं नाही. दात काढणाऱ्या डॉक्टरांना दात छान निघाल्याबद्दल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट चालू झाल्याबद्दल, आणि दोन दिवसांनी ती पुन्हा बंद पडल्यावर "लवकर बरी होवो" म्हणून. शेजारच्या मांजरीला तिसऱ्या बाळंतपणाबद्दल. सगळ्यांना कार्ड गेलं. फक्त धाकट्यांना नाही.

धाकट्या म्हणजे वन्संच्या पाठची बहीण, माझ्या धाकट्या वन्सं. दोघींत दोनच वर्षांचं अंतर. त्या बसने पाच तासांवरच्या गावात असतात, शाळेत भूगोल शिकवायच्या. चार वर्षं झाली, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंना इस्पितळात ठेवलं होतं. सगळं वन्संच्या हातात. डॉक्टर, औषधं, कोणी कधी भेटायचं, किती वेळ बसायचं. आम्ही विचारलं, धाकट्यांना कळवलं का? "मी कळवते," म्हणाल्या. जावकचं काम त्यांचं, त्यात आम्ही काय बोलणार? आणि त्यांनी कळवलं नाही. धाकटीची परीक्षांची धावपळ चाललीय, ती येऊन उशाशी रडत बसेल, आईला त्रास होईल, चार दिवसांत आई घरी येतेय, मग सांगू. सासूबाई चौथ्या दिवशी सकाळी गेल्या. धाकट्या पोचल्या तेव्हा भेटायला कोणी उरलं नव्हतं. इस्पितळाच्या बाकापाशी त्या वन्संना एकच वाक्य बोलल्या: "ताई, आईसुद्धा तू तुझ्या ताब्यात ठेवलीस." पुढे गप्प. मीही वन्संवर चिडले होते. अजून थोडी आहे, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून सगळा व्यवहार यांच्या मार्फत. फोन वाजला की हे मध्ये उभे. पलीकडे धाकट्या, अलीकडे खुर्चीत वन्सं, पेपरात तोंड घालून.

"विचार तिला, गुडघा कसा आहे," वन्सं पेपराला सांगायच्या.

"ताई विचारतेय, गुडघा कसा आहे. हो. हो. ती म्हणतेय, बरा आहे."

"मग सांग तिला, जिने कमी चढ."

"ताई म्हणतेय... बरं. ताई, ती म्हणतेय, जिन्याचं मी बघेन."

पोरांची भांडणं सोडवायची यांना सवय आहे, पण ती पोरं निदान शाळा आली की उतरतात.

एका रविवारी सकाळी फोन ठेवून हे म्हणाले, "धाकटी मुलाकडे चाललीय. समुद्रापलीकडे. घर रिकामं करतेय. तीन आठवड्यांत निघेल."

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"कायमची."

वन्संनी पेपराचं पान उलटलं. "जाऊ दे की. मुलाकडे जाणार, त्यात माझं काय?" आणि चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मग उठून खोलीत गेल्या आणि ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

दुपारी बघते तर टेबलावर एक जुना फोटो आणि दोन नवी कोरी खोडरबरं. फोटो मला माहीत होता. वन्सं आठ वर्षांच्या, धाकट्या सहा. स्टुडिओतला बाक. फोटो काढणाऱ्याने सांगितलं होतं शेजारी शेजारी बसा, पण ऐन वेळी वन्सं पुढे सरकल्या, त्यामुळे धाकट्या जवळजवळ दिसतच नाहीत. वन्संच्या दंडामागून एक गाल आणि अर्धी वेणी, एवढंच.

"दोघी हव्यात कार्डावर," वन्सं म्हणाल्या. "पण ती पुढे."

चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

कोरायलाच चार दिवस गेले. धाकट्यांचा चेहरा फोटोत नव्हताच, तो आठवून कोरायचा होता. तीन रबरं वाया गेली. "नाक हिचं असं नव्हतं," म्हणत त्या पुन्हा पुन्हा कोरायच्या. शेवटी एकदाची एक सहा वर्षांची पोर रबरावर उभी राहिली, हनुवटी वर, भांडायला तयार. मी म्हटलं, हुबेहूब आहे.

मग छापायची वेळ आली, आणि तिथे जे झालं ते आमच्या वन्संच्याच बाबतीत होऊ शकतं. धाकटी पुढे हवी, म्हणजे धाकटीचा शिक्का आधी. ठरलं होतं, तोंडाने घोकतही होत्या. पण हात गेला तो स्वतःच्या शिक्क्याकडे. ठेवला, दाबला, उचलला, आणि थोरली कार्डाच्या मधोमध ऐटीत.

"अहो, तुम्ही परत पुढे," मी म्हटलं.

दुसरं कार्ड. पुन्हा थोरली. तिसऱ्याला मी हसू लागले, पाचव्याला त्या हसू लागल्या, आठव्याला दोघींचं हसू थांबलं. अकरा कार्डं वाया गेली. अकराही कार्डांवर वन्सं एकट्या. शेवटी मी त्यांचा शिक्का उचलून माझ्या मुठीत ठेवला आणि म्हटलं, धाकट्या छापल्याशिवाय देणार नाही. तेव्हा कुठे बाराव्या कार्डावर धाकट्या आधी आल्या. वन्संनी त्यांच्यावर झाकण बसवलं, बोटाने कडा दाबल्या, मी मूठ उघडली, आणि त्यांनी स्वतःला मागे छापलं. इतक्या हळू, की टेबलावरचं पाण्याचं भांडंसुद्धा हललं नाही.

आतला मजकूर म्हणजे आणखी एक दिव्य. पहिला खर्डा "उपरोक्त विषयास अनुसरून" असा सुरू झाला, तो मी फाडला. दुसऱ्यात गुडघ्याची चौकशी होती. तिसरा बरा होता. वेगळ्या कागदावर लिहून तो कार्डात चिकटवायचा होता. लिहिलं होतं: "धाकटे, आईच्या वेळी मी तुला बोलावलं नाही. माझं चुकलं." आणि पुढे "पण". पणच्या खाली अकरा ओळी. परीक्षा, डॉक्टर काय म्हणाले, आईचा रक्तदाब, धाकटीचा रडका स्वभाव.

मी कागद हातात घेतला. टेबलावर माझी कापडाची कात्री होती. तिनेच "माझं चुकलं"च्या खाली सरळ कापला.

"अगं, कात्री!" वन्सं ओरडल्या.

"असू दे," मी म्हटलं.

खाली पडलेल्या अकरा ओळींकडे त्या बघत राहिल्या. मग वरचा तुकडा उचलून कार्डात चिकटवला. डोळे पुसत, नाक ओढत, पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. तेवढ्यात यांच्या बसची वेळ झाली. वाटेत पोस्ट आहे म्हणून हे पाकीट घेऊन पळाले.

दुपारी मी मशीनवर होते. वन्संनी टेबल आवरलं, पाकिटातली झाकणं काढली, मोजली. पुन्हा मोजली. वहीत बोट फिरवलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सत्तेचाळीस नंबर परत आलेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

"पडलं असेल खाली."

"पडलेलं नाही." त्यांचा आवाज ऐकून मी मशीन थांबवलं. "झाकण काढायचं राहिलं. गेलं ते कार्डाबरोबर."

मी मशीनवरून उठले. कारण झाकण राहिलं म्हणजे काय, हे आता मलाही कळत होतं. धाकट्या पाकीट उघडतील, तर कार्डावर वन्सं ऐसपैस, अख्ख्या. आणि जिथे धाकट्या असायला हव्यात तिथे माणसाच्या आकाराचा कोरा कागद, त्यावर वन्संचा दंड आडवा आलेला. चार वर्षांनी बहिणीचं पहिलं पत्र, आणि त्यातही तोच फोटो. वर गालसुद्धा नाही.

वन्सं चपला घालून निघाल्या, मी मागे. पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाला त्यांनी पाकिटाचा रंग, वजन, पत्ता, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, थैली गेली. निघालं म्हणजे निघालं. आता माझ्या हातात काही नाही." एकतीस वर्षं हीच वाक्यं वन्संनी खिडकीच्या आतून ऐकवली होती. बाहेरून ऐकायची ही पहिलीच वेळ. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"फोन करा आणि सांगा," मी परतताना म्हटलं. "दोन मिनिटांचं काम. वरचा कागद सोल म्हणावं."

"नाही."

"मग हे करतील."

"कोणी करायचा नाही. माझं चुकलं म्हणून लिहिलं, आणि लगेच वर फोन करून सांगू, की अगं, ते तसं नव्हतं, पण असं होतं? तूच कापलंस ना ते 'पण'?"

माझीच कात्री माझ्यावर चालली.

सहा दिवस काही आलं नाही. वन्संनी एकही शिक्का उचलला नाही. मांजरीला चौथ्यांदा पिल्लं झाली, तिला कार्ड गेलं नाही. यांनी फोनजवळ जायचंच सोडलं. मी मुद्दाम माझी कात्री त्यांच्यासमोर उघडी ठेवून बघितली, तिलाही हात लागला नाही. घर इतकं शांत झालं, की मला ठाप ठाप आवाजाची आठवण येऊ लागली, आणि हे मी कधी कबूल करेन असं वाटलं नव्हतं.

सातव्या दिवशी पाकीट आलं. स्वतःचंच अक्षर ओळखावं तसं त्यांनी बहिणीचं अक्षर दुरून ओळखलं आणि मला म्हणाल्या, "तू उघड." मी उघडलं. आत आमचंच कार्ड.

"परत पाठवलं ना?" त्यांनी विचारलं. खिडकीबाहेर बघत होत्या.

"वन्सं, इकडे बघा."

झाकण जागच्या जागी होतं. पण कोरं नव्हतं. निळ्या बॉलपेनने त्यावर एक बाई काढलेली होती. साठीची, चष्मा, पांढरे केस अंबाड्यात, एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जाड, पट्टा बांधलेला असावा. चित्र वाकडंतिकडं, नाक तर बटाट्यासारखं. वन्संचा आडवा आलेला दंड धाकट्यांनी खुर्चीचा हात केला होता आणि त्यावर कोपर टेकून ती बसली होती. मागे आठ वर्षांची थोरली उभी. आत "माझं चुकलं"च्या खाली, जिथे मी कापलं होतं तिथे, धाकट्यांनी लिहिलं होतं:

"ताई, माझी जागा कोरी सोडलेली बघून आधी संताप आला. दोन दिवस कार्ड उपडं ठेवलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, पेन घेऊन बसले. जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी तू माझ्यावर सोडलंस, तर म्हटलं भरून टाकावं. येत्या बुधवारी निघतेय. मंगळवारी ये. सामान बांधायला येऊ नकोस, नुसती ये."

वन्संनी ते तीनदा वाचलं. मग आत जाऊन पिशवी भरायला घेतली. दोऱ्याची भेंडोळी, चिकटपट्टी, खोक्यांवर लिहायचं जाड पेन, तारखेचा शिक्का. मी एकेक वस्तू बाहेर काढली.

मंगळवारी आम्ही दोघी गेलो. धाकट्यांच्या घरात दोन खुर्च्या सोडल्या तर सगळं खोक्यांत गेलं होतं. वन्सं एका खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर. समोर एक खोकं अगदी चुकीचं बांधलेलं होतं, दोर सैल, तळ फाटायच्या बेतात. त्यांची बोटं नुसती वळवळत होती. त्या उठल्या नाहीत. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते मलाच माहीत.

चहा झाला. गुडघ्याची चौकशी झाली, ह्या वेळी थेट. मग वन्सं एकदम म्हणाल्या, "धाकटे, खोटं नको. मी तुझी जागा सोडलीबिडली नव्हती. तो कागद काढायचा विसरले मी. खाली तू आहेस, छापलेली. पुढे."

इतकं जुळून आलेलं, आणि ह्या बाईला खरं बोलायची हुक्की आली.

"माहीत आहे मला," धाकट्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"मी नखाने उचकटून बघितलं होतं. पेन घेण्याआधीच. छान काढलीयेस पोर. हनुवटी अगदी माझी आहे." त्या थांबल्या. "मग परत चिकटवला कागद. ती सहा वर्षांची आहे, ताई. तिचं तू काही वाईट केलेलं नाहीस, तिला तर तू हाताला धरून शाळेत न्यायचीस. तू चुकलीस ती माझ्या बाबतीत. मग माफी मागताना समोर मी नको?"

वन्संनी मान हलवली. धाकट्यांनी आपली खुर्ची थोडी पुढे ओढली, गुडघा सांभाळत.

"मला बाकी काही नको," त्या म्हणाल्या. "ते चार दिवस सांग. डॉक्टर काय म्हणाले ते नको. आई काय म्हणाली ते सांग. मला त्यातलं काहीच माहीत नाही."

वन्सं खाली बघत राहिल्या. मग बोलल्या, तेव्हा मला कळलं की हे त्यांनी आम्हालाही कधी सांगितलेलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी शुद्धीवर आली तेव्हा तुझं नाव घेतलं. म्हणाली, धाकटी आली का? मी म्हटलं, निघालीय. दुपारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहे. संध्याकाळी तिने मला केस विंचरायला लावले, तू येणार म्हणून."

धाकट्यांनी डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं. मी उठून स्वयंपाकघरात जावं की बसावं, हे मला कळेना.

"आणि दुसऱ्या दिवशी?" धाकट्यांनी विचारलं.

वन्संनी दुसरा दिवस सांगायला घेतला.